टॅमरॅक बॅजर्सचा शेवटचा हंगाम

३ ऑक्टोबर १९७६, रविवार

शुक्रवारी घरच्या बर्फावर पहिलीच मॅच हरलो. नऊ-दोन. प्रेक्षक एकशे बारा, त्यातले निम्मे पोरांचे आईबाप. तिसऱ्या सत्रात स्टँडमधून कुणीतरी ओरडलं, "ओरेस्ट, तू आपलं धान्यच मोज!" लोक हसले. मीही हसलो, पण कान तापले होते.

हो, मी धान्यच मोजतो. बावीस वर्षं टॅमरॅकच्या रेल्वेलगतच्या कोठारावर गव्हाच्या गाड्या उतरवून घेतोय. कोच म्हणून हे पहिलं वर्ष. आधीचा कोच सोडून गेला, दुसरा कुणी मिळेना, तेव्हा क्लबचा अध्यक्ष क्लेटन मडज घरी आला. "लीगने स्पष्ट सांगितलंय. या हंगामात स्टँड भरले नाहीत तर बॅजर्सचं नाव कापणार. बत्तीस वर्षांची टीम, ओरेस्ट. तुझ्या-माझ्या हातून मरायला नको." मी स्वतः एके काळी बॅजर्सकडून खेळलोय. नाही म्हणणं जमलं नाही.

बायको, हान्या, म्हणते, डोक्यातलं हॉकी वहीत ओत आणि मला शांतपणे जेवू दे. म्हणून ही वही. सकाळी पहिली गाडी येण्याआधी कोठारावर लिहीन.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

बाहेरगावचे खेळाडू हंगामभर गावातल्या घरांत राहतात. आमच्याकडे आलेल्या पोराचं नाव आयझॅक हीबर्ट. सगळे आइक म्हणतात. सतरा वर्षांचा, सहा फूट तीन इंच, पंजे फावड्याएवढे. दक्षिणेला चाळीस मैलांवर त्यांचं शेत. मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती लोक. त्यांच्यात कुणावर हात उगारत नाहीत, याचा आजा युद्धात बंदूक घ्यायला नको म्हणून सरकारी छावणीत झाडं तोडत राहिला. बाप गेऱ्हार्ड पोराला सोडायला आला तेव्हा टोपी हातात धरून म्हणाला, "खेळू दे त्याला. त्याचा जीव आहे खेळात. पण मारामारी नको." मी म्हटलं, "काळजी करू नका, स्वतःच्या मुलासारखा सांभाळेन."

आमची मुलगी रेजायना शहरात शिकते, तिची खोली त्याला दिली. काल हान्याने केलेल्या बटाट्याच्या पेरोग्या त्याने सव्वीस खाल्ल्या आणि मग ताटं धुतली. हान्या एकदम खूश.

खेळतो मात्र भीत भीत. समोरच्याला धक्का दिला की "सॉरी" म्हणतो. पोरं हसतात.

२३ ऑक्टोबर, शनिवार

काल काय झालं ते नीट लिहितो.

हार्ल्टनची टीम आली होती. त्यांच्याकडे ड्वेन स्क्लार नावाचा एक आडदांड आहे, अठरा वर्षांचा, पुढचे दोन दात नाहीत. दुसऱ्या सत्रात त्याने आमच्या बेनीला, सगळ्यात लहान चणीच्या पोराला, मागून स्टिक आडवी घालून फळीवर आपटलं. बेनीची हनुवटी फाटली. बर्फावर रक्ताचा हा एवढा डाग. रेफरी बघतच राहिला.

आइक माझ्या शेजारीच बसला होता. मी त्याला जायला सांगितलं नव्हतं. तो उठला, कठडा ओलांडला, स्क्लारची कॉलर धरली आणि त्याला नुसतं बाजूला करायला गेला. स्क्लारने हातमोजे टाकले आणि दोन ठोसे मारले. मग आइकने एक मारला. एकच. स्क्लारचं नाक गालावर गेलं. तो गुडघ्यांवर बसला, तोंडातून लाल फेस.

आणि स्टँड उठला! दोनशे माणसांचा आवाज दोन हजारांसारखा. लाकडी बाकांवर बूट आपटत होते. मीही बेंचवर बूट आपटला, विशीत गोल मारल्यावर आपटायचो तसा.

मॅच जिंकलो.

नंतर ड्रेसिंगरूममध्ये आइक नळाखाली हात धरून रडत होता. "मी त्याला मारलं, कोच." मी म्हटलं, "तू बेनीला वाचवलंस." त्याने नळ बंद केला. मग म्हणाला, "हो का?" मी म्हटलं, "हो."

९ नोव्हेंबर, मंगळवार

मडज रोज फोन करतो. "तो मोठा पोरगा शुक्रवारी खेळणार ना? लोक विचारतायत." मागच्या मॅचला चारशे. गल्लीत लोक मला थांबवून हात मिळवतात.

आइकला कोठारात नेऊन शिकवतोय. छताला गव्हाचं पोतं टांगलंय. डाव्या हाताने समोरच्याच्या जर्सीचा गळा घट्ट धरायचा, उजवा हात आखूड ठेवायचा, खांद्यातून मारायचं. दोघांनी हातमोजे टाकले की रेफरी मध्ये पडत नाही, कुणीतरी खाली पडेपर्यंत थांबतो आणि मग दोघांनाही पाच-पाच मिनिटं बाहेर बसवतो. म्हणजे हा खेळाचाच भाग आहे. हे मी आइकला नीट समजावलं. त्याने विचारलं, "मग गोल करायला कधी शिकवणार, कोच?" गमतीदार पोरगा.

खूण ठरलीय. मी मागून दोनदा खांद्यावर थोपटलं की जायचं.

२७ नोव्हेंबर, शनिवार

सहाशे चाळीस! बाकांवर बसायला जागा नव्हती. आइकच्या दोन मारामाऱ्या. पहिल्यात त्याने समोरच्या पोराची जर्सी डोक्यावर ओढली आणि आतल्या डोक्यावर घातले सात-आठ, पोरगा कापडातच ओरडत होता. दुसऱ्यात आइकला कानामागे बसला आणि तो मागे पडून डोक्यावर आपटला. हेल्मेट आधीच निघालेलं. पण उठला! उठून उलट्या बाजूला, त्यांच्या बेंचकडे चालू लागला. सगळे हसले. तोही हसला.

१४ डिसेंबर, मंगळवार

घरी तो फार बोलत नाही हल्ली. खोलीच्या खिडकीला ब्लँकेट लावलंय, उजेड नको म्हणतो. आज सकाळी त्याने कॉफी साखरेच्या भांड्यात ओतली आणि बघत बसला. हान्या म्हणाली, "ओरेस्ट, या पोराला काहीतरी होतंय."

मी म्हटलं, "सतरा वर्षांचा आहे. मुलगी असेल कुठेतरी."

"मुलीने कॉफी साखरेत ओतली का?"

बायकांना प्रत्येक गोष्टीत दुखणं दिसतं.

त्याच्या बापाचं पत्र आलं. आइकने ते मला वाचायला दिलं. अक्षरं हलतात म्हणाला. बापाने चार ओळी लिहिल्या होत्या: पेपरात फोटो पाहिला, तुझी आई दोन दिवस जेवली नाही, नाताळला घरी ये, रागावलो नाही. मी आइकला वाचून दाखवलं. "तुझी आई दोन दिवस जेवली नाही" एवढं गाळलं. उगाच खेळावर परिणाम नको.

१५ जानेवारी १९७७, शनिवार

बाहेर उणे अडतीस. काल हार्ल्टनला गेलो होतो, तिथल्या लोकांनी आमच्या बसवर गोठलेली अंडी फेकली, काच फुटली. मॅचमध्ये स्क्लार आणि आइक दोन वेळा भिडले. दुसऱ्या वेळी स्क्लारने आइकचं डोकं बर्फावर तीनदा आपटलं. मी मोजलं. मग आमच्या बेनीने स्क्लारच्या पाठीत स्टिक घातली, मग सगळेच बर्फावर. त्यांच्या एका पोराचा अंगठा तुटून लोंबत होता. स्टँडमधली एक आजी आमच्या गोलकीपरवर थुंकली.

परतताना आइक बसमध्ये तीनदा ओकला. त्याला बस लागते.

२९ जानेवारी, शनिवार

हान्या आइकला डॉक्टरकडे घेऊन गेली, मला न विचारता. डॉक्टर म्हणाले, महिनाभर बर्फावर पाय ठेवायचा नाही. मी मडजला सांगितलं. तो म्हणाला, "महिनाभर? पुढच्या महिन्यात प्लेऑफ आहेत. म्हातारा डॉक्टर आपल्या पिढीचा नाही राहिला, ओरेस्ट. आपण टाके घालून खेळायचो." हेही खरंच आहे.

मी त्याला आठवडाभर बसवलं. आठवडा म्हणजे कमी नाही.

आठव्या दिवशी मीच विचारलं, "कसं वाटतंय?" तो म्हणाला, "तुम्हाला कसं वाटतंय, कोच?" मला बरं वाटत होतं.

१९ फेब्रुवारी, शनिवार

अकराशे माणसं. टॅमरॅकची वस्ती नऊशे. मडजने स्टँडमध्ये सगळ्यांसमोर मला मिठी मारली. लीगचं पत्र आलं की बॅजर्सना पुढच्या हंगामात कायम ठेवायचा विचार आहे. टीम वाचली. मी वाचवली.

आज नाश्त्याला आइकने हान्याला विचारलं, "बाई, तुमचं नाव काय हो?" चेष्टा होती, पण हान्या उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, "तू त्याला पुन्हा पाठवलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"मी कुठे पाठवतो? तो जातो."

"दोनदा थोपटतोस. मला दिसतं तिथून."

५ मार्च, शनिवार

काल प्लेऑफची पाचवी मॅच. समोर हार्ल्टन. मॅच अर्ध्यावर थांबली, निकाल त्यांच्याकडे गेला. आइक सॅस्काटूनच्या हॉस्पिटलात आहे. स्क्लारने मारलं. आइकच्या डोक्याचं ऑपरेशन झालं म्हणतात.

आज लिहिता येत नाही.

६ मार्च, रविवार

प्रयत्न करतो.

तिसरं सत्र, तीन-तीन. स्क्लारने आमच्या गोलकीपरला गुडघ्याने पाडलं. अकराशे माणसं एका सुरात "आइक! आइक!" करत होती, छपराचे पत्रे थरथरत होते. मी आइकला दोनदा थोपटलं. तो उठला नाही. पुन्हा थोपटलं.

"आइक, जा."

"नाही, कोच."

"काय?"

"नाही जात. मला दोन-दोन दिसतायत. खरा कोणता ते कळत नाहीये."

मला वाटलं टिंगल करतोय. सगळे बघत होते. माझ्या मागे मडज ओरडत होता, "त्याला पाठव ना! काय झालं?" मी आइकला जरा हलवलं, जागं करायला. मग तो गेला. स्क्लारने त्याला मारलं. एवढंच झालं.

८ मार्च, मंगळवार

मी त्याला हलवलं असं वर लिहिलंय. हलवलं नाही. एक चापट दिली.

हान्या हॉस्पिटलात गेली ती अजून आली नाही.

९ मार्च, बुधवार

हान्या कपडे न्यायला आली. मी तिला म्हटलं, "मी एक चापट दिली, तीही हळू." ती दारात उभी होती, कोटाची बटणं लावत.

म्हणाली, "मूठ होती. दोन वेळा. डोकं दुखतं म्हणून त्याने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं होतं. पहिल्या ठोशाने तो मागे गेला आणि मागच्या सिमेंटच्या खांबाला डोकं लागलं. तो सरळ झाला आणि तू पुन्हा मारलंस. मी पंधरा फुटांवर होते, ओरेस्ट. मला खांबाचा आवाज आला."

हो. मूठ होती.

आता सगळंच लिहितो. दुसऱ्या ठोशानंतर आइक माझ्याकडे बघत होता. मला चिरडायला त्याला एक हात पुरला असता. हात मांडीवरच राहिले. नाकातून पाण्यासारखं काहीतरी वाहत होतं. म्हणाला, "बरं, कोच." हेल्मेट बेंचवर ठेवून तो कठडा ओलांडून गेला, सरळ स्क्लारसमोर. स्टँड वेडा झाला. दोघांचे हातमोजे पडले. स्क्लारने मारला. आइकने हात वर केले नाहीत. स्क्लारने पुन्हा मारला, पुन्हा. ओठ फाटला, भुवई फुटली, रक्त बर्फावर ठिपक्याठिपक्याने. आइक पडत नव्हता आणि मारतही नव्हता, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. सात-आठ ठोशांनंतर स्क्लारच थांबला आणि रेफरीकडे वळून किंचाळला, "अरे धरा कुणीतरी याला! हा मारतच नाहीये!" तेव्हा आइक गुडघ्यात वाकला आणि कडेला पडला, पाय झटकू लागले. आणि त्याच क्षणी आमची पोरं स्क्लारवर तुटून पडली, त्यांची आमच्यावर, लोक कठडे चढून बर्फावर, बाटल्या, स्टिका, कुणाचातरी दात माझ्या बुटाशी. वीस मिनिटं पोलीस आत येऊ शकले नाहीत. वीस मिनिटं आइक बेनीच्या अंगाखाली होता. बेनी त्याच्यावर पालथा पडून राहिला म्हणून तुडवला गेला नाही.

त्या वीस मिनिटांत मी कुठे होतो? बेंचवर. उभा.

१७ मार्च, गुरुवार

लीगची चौकशी. मडजने आधीच कागद टाइप करून आणला होता. "बेंचवर काही घडलं नाही. हार्ल्टनच्या खेळाडूने असहाय मुलाला बेदम मारलं. सही कर."

मी म्हटलं, "हान्याने पाहिलंय."

"हान्या तुझी बायको आहे, शपथेवर साक्ष द्यायला थोडीच येणार? आणि स्टँड तर बर्फाकडे बघत होता. ओरेस्ट, आता खरं सांगून पोरगा बरा होणार आहे का? निदान टीम तरी राहू दे."

सही केली.

२ एप्रिल, शनिवार

ड्वेन स्क्लारला आजन्म बंदी. रेडिओवर सांगितलं. आणि बॅजर्सना लीगने काढलंच, लोक बर्फावर उतरले म्हणून. म्हणजे सही फुकटच गेली.

आइक शुद्धीवर आलाय, पण बोलत नाही. त्याचा बाप पलंगाशी बसून असतो. मी दोनदा सॅस्काटूनला गेलो. दोन्ही वेळा हॉस्पिटलच्या गाडीतळावरून परत आलो.

हान्या परत आली. खालच्या मजल्यावर मुलीच्या खोलीत झोपते. खिडकीचं ब्लँकेट तिने काढलेलं नाही.

पोरं आपापल्या गावी गेली. ड्रेसिंगरूमला कुलूप लावून किल्ली मडजला दिली. पुढे लिहिण्यासारखं काही नाही.

३ जुलै १९८०, गुरुवार

तीन वर्षांनी ही वही काढली. प्रांताला पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून गावोगाव इतिहासाची पुस्तकं निघतायत. आपल्या गावाच्या समितीने मला बॅजर्सवर अर्धं पान मागितलं. कोणत्या साली टीम सुरू झाली, किती कप, कोण पुढे मोठ्या लीगमध्ये गेलं. ते सगळं लिहून झालं. शेवटचं वाक्य लिहिलं: "१९७७ साली काही अप्रिय घटनांमुळे टीम बंद झाली."

समितीच्या बाईंना आइकचा एक फोटो हवाय, जर्सीतला. हीबर्टांकडे असेल. पत्र टाकता आलं असतं. मी रविवारी स्वतः जाणार आहे. का ते माहीत नाही. हान्याला सांगितलं. ती म्हणाली, "जा. रस्ता विचारावा लागेल तुला. मला लागत नाही."

तेव्हा मला कळलं, दर महिन्याला ती बहिणीकडे म्हणून कुठे जाते.

७ जुलै, सोमवार

काल दुपारी चार वाजता पोचलो. चर्चहून येऊन सगळे टेबलाशी बसले होते: ताजे बन, चीज, आलुबुखाऱ्याचा जॅम, कॉफी. गेऱ्हार्डने दार उघडलं. केस पांढरे झालेत. मला बघून तो दारातून बाजूला झाला आणि म्हणाला, "या. बसा." त्याच्या बायकोने माझ्यापुढे कप ठेवला. कप काठापर्यंत भरलेला होता.

आइक खिडकीशी. वीस वर्षांचा. अंगाने सुटलाय, डावा हात मांडीवर पडलेला, डोक्यावर कानापासून वर गेलेला व्रण. माझ्याकडे बघून हसला, सगळ्यांकडे बघून हसतो तसं. त्याच्या शेजारी धुतलेल्या शर्टातला एक तरुण त्याच्या बनचे छोटे तुकडे करून देत होता. मला वाटलं भाऊ असेल. त्याने वर पाहिलं. नाक वाकडं, पुढचे दोन दात नाहीत.

ड्वेन स्क्लार.

गेऱ्हार्ड म्हणाला, "पेरणीला येतो, कापणी उरकून जातो. चौथं वर्ष. पहिल्या वर्षी फाटकाशी तीन तास उभा होता, आत यायला तयार नव्हता. आइकनेच हात धरून आणला."

मी बन हातात धरून बसलो होतो. फोटोचं बोललोच नाही. म्हटलं, "ड्वेनच्या आधी मी मारलं होतं. बेंचवर. दोनदा. आणि मग खोट्या कागदावर सही केली."

कुणी दचकलं नाही. ड्वेन तुकडे करतच राहिला.

"माहीत आहे," गेऱ्हार्ड म्हणाला. "हान्याबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी माफ केलंय तुम्हाला. आमच्यात माफ करावंच लागतं. पहिल्या वर्षी मला ते रोज सकाळी उठून करावं लागायचं, दूध काढायच्या आधी. आता आठवड्यातून एकदा करावं लागतं." त्याने कप खाली ठेवला. "म्हणून सांगतो, कॉफी संपवा, पण पुन्हा येऊ नका. पुन्हा रोज करायची ताकद माझ्यात नाही."

मी कॉफी संपवली.

ड्वेन मला ट्रकपर्यंत सोडायला आला. मी म्हटलं, "पुस्तकात खरं लिहितो. तुझं नाव साफ होईल."

तो म्हणाला, "लिहायचं तर लिहा. माझ्यासाठी नको. थांबण्याआधी मी सात-आठ ठोसे मारले होते. ते कोण साफ करणार?" मग दार लावून देताना म्हणाला, "ट्रक मागे घेताना बघून घ्या हं. आइक कुठेही येऊन उभा राहतो. गाडीचा आवाज त्याला कळत नाही."

आरशात काही दिसत नव्हतं. मी गिअर टाकला आणि पाय उचलवेना. उतरलो, मागे गेलो. आइक तिथेच होता, ट्रकच्या मागच्या फळीवर पंजा ठेवून. मी त्याचा कोपर धरला. उबदार होता, जड. हळूहळू त्याला बाजूला नेऊन कुंपणाशी उभं केलं. तो आला माझ्याबरोबर, काही न विचारता, जसा तेव्हा यायचा.

९ जुलै, बुधवार

समितीला पान दिलं. बाईंनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे छापायचं? लोक नातवंडांना वाचून दाखवणार."

मी म्हटलं, "शेवटचं वाक्य तेवढं छापा. बाकीचं गाळलं तरी चालेल."

शेवटचं वाक्य असं आहे: "४ मार्च १९७७ रोजी टॅमरॅक बॅजर्सच्या कोचने, म्हणजे मी, ओरेस्ट बारानिकने, खेळायला नको म्हणणाऱ्या आयझॅक हीबर्ट या मुलाला बेंचवर मुठीने मारलं आणि मरायला बर्फावर पाठवलं, म्हणून ही टीम राहिली नाही."